नुसतं बघायचंच तर असतं

इंजेक्शनच्या प्लांटमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात नकोसं डिपार्टमेंट कुठलं. वॉशिंगमध्ये दिवसभर ओलं काम, फिलिंगमध्ये नखशिखांत गाऊन घालून तासन्‌तास उभं राहायचं, तरी उत्तर बहुतेक वेळा ‘व्हिज्युअल’, म्हणजे भरलेल्या बाटल्या डोळ्यांनी तपासायचं डिपार्टमेंट, असंच येतं. बाहेरून येणाऱ्याला ते पटत नाही. त्याला दिसतं काय, तर एसी हॉल, ओळीनं बूथ, प्रत्येक बूथमध्ये खुर्चीवर बसलेली एक बाई आणि तिच्या हातात औषधाची छोटी बाटली. नवीन लागलेला एचआरचा एक मुलगा राउंडला आला होता तो म्हणालाच, अरे हे बरंय, बसून काम, नुसतं बघायचंच तर असतं. मी काही बोलले नाही, ट्रेनिंगच्या व्हायलचा, म्हणजे ह्याच छोट्या बाटल्यांचा, एक ट्रे त्याच्यापुढं ठेवला आणि बस म्हटलं. थोड्या वेळानं पाणी पिऊन येतो म्हणून उठला तो परत काही आला नाही, लहान आहे, जाऊ दे.

मी क्यूएमध्ये, म्हणजे मालाच्या दर्जाची हमी देणाऱ्या खात्यात आहे, वाळूजच्या पट्ट्यात. ह्या बायकांना ट्रेनिंग देणं, दरवर्षी त्यांची परीक्षा घेणं आणि शिफ्टमध्ये फिरून त्यांनी काय बाजूला काढलं ते बघणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे हे जे ‘नुसतं बघणं’ आहे त्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

आधी काम काय आहे ते सांगते. व्हायल गळ्याशी धरायची, हलकेच गोल फिरवायची, जोरात नाही, जोरात फिरवली की बुडबुडे होतात आणि मग बुडबुडा कुठला नि कण कुठला ह्यातच वेळ जातो. आतलं पाणी फिरत असतानाच पांढऱ्या पाटीसमोर ५ सेकंद आणि काळ्या पाटीसमोर ५ सेकंद बघायचं. पांढऱ्यावर काळा कण उठून दिसतो, काळ्यावर काचेचा तुकडा नाहीतर पांढरा धागा. बुडबुडा वर पळतो, काचेचा तुकडा चमकून खाली बसतो, फायबर मात्र मधल्यामध्ये नाचत राहतं, आणि डोळा तयार व्हायला, आमच्याकडे ‘डोळा बसायला’ म्हणतात, काही आठवडे सहज जातात. प्रकाश २००० ते ३७५० लक्स हवा, तो मीटर लावून मोजतो, ही ५ सेकंदं आणि हे लक्स युरोपच्या आणि अमेरिकेच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत नियमग्रंथात, लिहिलेले आहेत. जो कण शोधायचा तो केवढा? १५० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीचा कण असेल तर तरबेज डोळ्याला तो बऱ्याचदा सापडतो, ५० मायक्रॉनच्या आसपास आला की जवळजवळ नाहीच.

‘बऱ्याचदा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्युलियस नॅप म्हणून एक जण होऊन गेले, त्यांनी ह्या विषयात पाया घातला, त्यांचं म्हणणं असं की एकच खराब व्हायल त्याच माणसांपुढं पुन्हा पुन्हा ठेवा, दरवेळी ती पकडली जाईल असं नाही, पकडली जायची शक्यता असते. म्हणून तीच व्हायल पुन्हा पुन्हा दाखवायची आणि किती वेळा बाजूला काढली ते मोजायचं, शंभरात सत्तर किंवा जास्त वेळा काढली तर ती नक्की रिजेक्ट धरायची. हे ताज्या डोळ्याचं गणित झालं बरं का. आता तेच डोळे तासभर एका जागी बसवा.

एका व्हायलला १० सेकंद, उचलणं ठेवणं धरून ताशी तीनशेच्या वर, शिफ्टमध्ये दोन हजारांच्या वर. त्यातल्या बहुतेक सगळ्या चांगल्या. समजा शंभरात एक खराब निघते, म्हणजे तासाभरात तीन वेळा काहीतरी ‘सापडतं’ आणि बाकी तीनशे वेळा काहीच नाही.

असं सतत लक्ष ठेवून बसलं की नजर का चुकते, ह्या विषयाची सुरुवात औषधांत झालीच नाही, झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची, रडारवर बसलेल्या माणसानं पडद्यावरचा बारीक ठिपका पकडायचा, आणि लक्षात असं आलं की जसजसा वेळ जातो तसतसे ठिपके सुटतायत, म्हणजे ठिपका पडद्यावर असतो पण समोरच्या माणसाला तो दिसत नाही. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थना हे शोधायला सांगितलं. त्यांनी एक घड्याळ केलं, तबकडीवर आकडे नाहीत, फक्त एक काटा, दर सेकंदाला एक पाऊल पुढं उडी मारणारा. मधूनच तो दुप्पट उडी मारायचा. ती दिसली की बटण दाबायचं, बस, एवढंच काम, दोन तास. अर्ध्या तासात अशा बारा उड्या, कधी लगोलग, कधी दहा-दहा मिनिटं काहीच नाही.

१९४८ साली त्यांनी जे छापलं ते मला अजूनही भारी वाटतं. पहिल्या अर्ध्या तासात साधारण १६ टक्के उड्या सुटल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात जवळजवळ २६. त्यानंतर तिसऱ्यात २७, चौथ्यात २८, म्हणजे पुढं जवळपास सपाटच. दोन तासांत माणूस हळूहळू दमत गेला असं काही झालं नाही, जी घसरण व्हायची ती अर्ध्या तासातच होऊन गेली. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की सकाळी फ्रेश असतात, संध्याकाळी दमतात, म्हणून सुपरवायझर शिफ्टच्या शेवटच्या तासाला फेऱ्या वाढवतो. वाढव बाबा, पण सकाळी सात वाजता बसलेली बाई साडेसातला घसरायला लागलेली असते. नाईट शिफ्टची झोप ही आणखी वेगळी भानगड, ती ह्याच्यावर चढते, तिच्यामुळे हे होत नाही.

मॅकवर्थनी आणखी गमती करून पाहिल्या. मधेच टेलिफोन वाजवून नीट लक्ष द्या म्हणून निरोप दिला तर नंतरचा अर्धा तास माणूस परत पहिल्यासारखा. बेन्झेड्रिनची गोळी दिली, तेव्हा अ‍ॅम्फेटामिन असं बिनदिक्कत द्यायचे, तर घसरण झालीच नाही. दरवेळी बरोबर, चूक, सुटली असं सांगत गेलं तरी घसरण थांबली. अर्धा तास काम अर्धा तास आराम असं केलं तरी थांबली. म्हणजे डोळ्यांत काही बिघडलेलं नव्हतंच.

मग बिघडतं काय? इथं मी माझा रिजेक्ट ट्रे मधे आणते.

शिफ्टमध्ये फिरताना प्रत्येक बूथचा रिजेक्ट ट्रे मी बघते. सुरुवातीच्या ट्रेमध्ये खऱ्या खराब व्हायल असतातच, पण सोबत बरंच फालतूही असतं. बाहेरून काचेवर ओरखडा, पाण्याचा डाग, नुसता बुडबुडा. थोड्या वेळानं ट्रे स्वच्छ होत जातो. फालतू माल येईनासा होतो आणि वर वर बघणाऱ्याला वाटतं की बाईचा हात बसला, आता अचूक काम चाललंय. पण सोबत खऱ्या खराब व्हायलही कमी येतात, आणि बॅच तर तीच, त्याच लाईनवर भरलेली. तेव्हा हात बसलेला नसतो, बाई कंजूष झालेली असते. मनात एक रेघ असते, एवढं दिसलं तर काढायचं, एवढ्याला सोडायचं. सकाळी ती रेघ खाली असते, जरा शंका आली की काढ. दहा मिनिटं काहीच सापडलं नाही, वीस मिनिटं सापडलं नाही, की रेघ आपोआप वर सरकते. आणि खरं सांगायचं तर मेंदूचं त्यात चुकत नाही, तीनशेत तीनच असतात हे त्याला कळलेलं असतं, मग समोर काही चमकलं तर ते बुडबुडाच असण्याची शक्यता जास्त, हा हिशोब तो आपल्याला न विचारता करतो.

नजर मंद होणं आणि रेघ सरकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायचं गणितही रडारच्याच कामातून आलं. राजा परासुरामन ह्या भारतीय वंशाच्या संशोधकानं १९७९ साली ह्यात एक फार कामाची गोष्ट दाखवली. जिथं समोरची वस्तू डोक्यात साठवलेल्या वस्तूशी ताडून बघायची असते, आणि शिवाय माल पटापट येत असतो, तिथं नजरच खरोखर मंद होते. जिथं दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर असतात तिथं तेवढं होत नाही, तिथं मुख्यतः रेघ सरकते.

हे वाचलं तेव्हा मला पावडरवाल्या व्हायल आठवल्या. काही औषधं द्रवात टिकत नाहीत, ती गोठवून वाळवून व्हायलमध्ये वडीसारखी बसवतात, तिला आम्ही केक म्हणतो. केकचा रंग जरा पिवळट वाटतो का, हे बघायचं असतं. कशापेक्षा पिवळट? तर सकाळी ट्रेनिंगमध्ये दाखवलेल्यापेक्षा. आता दोन हजार केक पाहिल्यावर सकाळचा पांढरा डोक्यात कसा राहणार! तोही हळूहळू पिवळा होत जातो. लिमिट सॅम्पल, म्हणजे इथपर्यंत चालेल असा नमुना, बूथमध्येच डोळ्यासमोर लावून ठेवला की काम ताडून बघायचं राहतं, आठवायचं नाही. पैसे जवळजवळ शून्य लागतात. तरी कित्येक ठिकाणी ही सॅम्पल्स कपाटात कुलपात असतात, कारण ती कंट्रोल्ड आहेत, हरवली तर डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद. ऑडिटमध्ये कपाट उघडून दाखवायला छान दिसतात.

दुर्मिळ गोष्ट सापडत नाही ह्यावर दुसरा मोठा धक्का २००५ साली बसला. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एअरपोर्टच्या बॅगेसारखी गिचमिड चित्रं केली आणि त्यात अवजार शोधायला सांगितलं. निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा लोकांच्या हातून ७ टक्के सुटली. शंभरात एकाच चित्रात होतं तेव्हा ३० टक्के. तीच चित्रं, तसेच लोक. फरक एवढाच पडला की ‘नाही’ म्हणायची घाई झाली, शोध लवकर आवरता घेतला. आमच्याकडे टायमर आहे, ५ सेकंदांनी बीप होतो, त्याआधी व्हायल खाली ठेवता येत नाही. पण हात टायमरचं ऐकतो, डोकं ऐकत नाही. पहिल्याच सेकंदाला आतून ‘नाही’ झालेलं असतं आणि उरलेले चार सेकंद व्हायल नुसती फिरत असते. कॅमेऱ्यात बघाल तर काम अगदी एसओपीप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे.

ह्यातून माझं स्वतःचं एक भांडण निघालं आहे. दरवर्षीची परीक्षा, क्वालिफिकेशन, आम्ही डिफेक्ट किटवर घेतो. किटमध्ये खराब व्हायल मिसळलेल्या, दहात एक वगैरे प्रमाणात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं. सगळ्या पास होतात, चांगल्या मार्कांनी पास होतात. एका ताईला मी सहज म्हटलं, ताई, किटमध्ये तर तुम्ही एवढाही धागा सोडत नाही, मग लाईनवरच्या सॅम्पलमध्ये मला कसा सापडतो? म्हणाली, ‘परीक्षेत सापडतंय ओ मॅडम, परीक्षेत असतंयच ना.’ तिनं वुल्फ वाचलेला नाही.

एअरपोर्टवर ह्यावर तोड आहे. एक्स-रेच्या पडद्यावर सॉफ्टवेअर मधूनच खोट्या हत्याराचं चित्र खऱ्या बॅगेत घुसवतं, ओळखलं की शाबास म्हणतं, सोडलं तर तेही सांगतं. म्हणजे हत्यार दुर्मिळ राहत नाही आणि मॅकवर्थचा ‘बरोबर, चूक, सुटली’ हा उपायही होतो, एका दगडात दोन पक्षी. आम्हाला ते करता येत नाही. आमच्याकडे घुसवायची ती खरीखुरी खराब व्हायल, आणि ती सुटली तर सरळ पेशंटच्या शिरेत. खूण करून टाका, मोजून परत काढा असं म्हणता येतं, पण रात्री दोन वाजता मोजणीत एक कमी भरली तर काय करायचं ह्याचं उत्तर कुठल्याच शहाण्या क्यूएवाल्याला नको असतं. मलाही नको.

बरं, हे सगळं कंटाळ्यामुळे होतं का? फार वर्षं तसंच मानत होते. काम इतकं रटाळ की मेंदू झोपी जातो, मन भटकतं. अजूनही एक गट तेच म्हणतो आणि त्यात तथ्य नाही असं नाही, बूथमध्ये बसून कुणी पोराच्या फीचा हिशोब करत नाही असं कोण म्हणेल. पण जोएल वॉर्म, परासुरामन आणि मॅथ्यूज ह्यांनी २००८ साली सगळं जमवून उलट बाजू मांडली, की हे काम हलकं नाहीच, मेंदूला भयंकर जड आहे. लोकांना कामानंतर विचारलं किती ताण पडला, तर आकडे वरचे येतात, वैताग तर फारच. कानशिलावर डॉप्लर नावाचं यंत्र लावून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला, तर जसजशा चुका वाढतात तसतसा तोही उतरत जातो, विशेषतः उजव्या बाजूला. आणि तोच पडदा, तेवढाच वेळ, पण काही शोधायचं नाही, नुसतं समोर बसायचं असं सांगितलं तर उतरत नाही. शोधण्याचे पैसे मोजावे लागतात. माझा कौल ह्याच गटाला आहे, कारण दिवसभर व्हिज्युअलला बसलेली बाई बसमध्ये चढताना मी बघते आणि वॉशिंगची बघते. वॉशिंगची दमलेली असते, पण बोलत असते.

आमच्या बऱ्याच बायका गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या आहेत, शेतातल्या. त्यातली एक म्हणाली होती की जोंधळ्याची राखण पण दिवसभराचीच असती, पण तिथं असं होत नाही. मला ते एकदम पटलं. माळ्यावर बसलेला माणूस नुसता बघत नाही. गोफण फिरवतो, हाऽऽ करून ओरडतो, डबा बडवतो, खाली उतरून बांधावरून चक्कर मारतो, आणि पाखरं तर येतच राहतात, दर घटकेला थवा. हाताला काम, घशाला काम, आणि केल्याचं फळ लगेच समोर, थवा उडाला. व्हिज्युअल हॉलमध्ये हात व्हायलमध्ये अडकलेला, बोलायला बंदी, आणि खराब व्हायल पकडली तरी कुणी काही म्हणत नाही, सुटली तरी त्या दिवशी कुणाला कळत नाही. कळलंच तर सहा महिन्यांनी कम्प्लेंट म्हणून, आणि तेव्हा बॅच रेकॉर्डवरची सही शोधली जाते.

सहीवरून माणूस सापडतो, कारण सापडत नाही. तरी रिपोर्टमध्ये कारण म्हणून ‘ह्यूमन एरर’ आणि उपाय म्हणून ‘री-ट्रेनिंग’ लिहून फाईल बंद करायची पद्धत सगळीकडे आहे. जी गोष्ट प्रत्येक माणसात अर्ध्या तासात होते ती ट्रेनिंग देऊन कशी थांबणार, हा प्रश्न त्या फॉर्मवर लिहायला रकानाच नाही.

मशीन आणा म्हणतात. आणली आहेत, मोठ्या लाईनला ऑटोमॅटिक आहे, मिनिटाला शेकड्यांनी व्हायल कॅमेऱ्यापुढून जातात आणि कॅमेरा काही कंटाळत नाही. पण बुडबुडा दिसला तरी तो फेकतो, म्हणून फेकलेला माल परत बायकांकडे येतो. ते मला आवडतं, कारण त्या ढिगात खराब खरंच जास्त असतात, शोधलं की सापडतं, बायका जाग्या राहतात. वाईट अवस्था मशीनशेजारी बसवलेल्या ऑपरेटरची. त्यानं बघायचं काय, तर मशीन नीट बघतंय का. लिझान बेनब्रिज ह्यांनी १९८३ सालीच ऑटोमेशनवरच्या लेखात हे लिहून ठेवलंय, की मशीनवर नजर ठेवायला माणूस बसवता, पण जिथं फारसं काही घडतच नाही अशा ठिकाणी कितीही इच्छा असली तरी माणूस अर्ध्या तासापलीकडे नीट लक्ष देऊ शकत नाही. सोपं काम मशीनला दिलं आणि माणसाला अशक्य काम दिलं.

उरला ब्रेक. अरिगा आणि येरास ह्यांनी २०११ साली बराच वेळ चालणाऱ्या कामात फक्त दोनदा, तेही क्षणभर, लोकांना दुसरंच काहीतरी करायला लावलं तर त्यांची घसरण झाली नाही, म्हणजे आराम लांबलचक हवा असंही नाही, धागा तुटायला हवा. युरोपात एअरपोर्टच्या एक्स-रेवर सलग २० मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत, मग किमान १० मिनिटं पडद्यापासून लांब. निर्जंतुक औषधांच्या उत्पादनासाठी युरोपच्या नियमांचं जे अ‍ॅनेक्स वन २०२३ पासून लागू झालं त्यात वारंवार ब्रेक द्या आणि परीक्षा घेताना थकवा धरून घ्या असं लिहिलंय, किती मिनिटांनी ते मात्र लिहिलेलं नाही. तिथंच सगळं अडतं. बहुतेक ठिकाणी तासाला पाच मिनिटं देतात, आणि महिनाअखेरीला डिस्पॅचची बोंब झाली की आधी कात्री लागते ती ह्याच पाच मिनिटांना.

मी मागितलंय ते असं. अर्धा तास बूथ, मग दहा मिनिटं दुसरं काम, आराम नाही, काम. ट्रेवर लेबल लावा, रिजेक्ट मोजून प्रकारानुसार वेगळे करा, लक्स मीटरचं रीडिंग घ्या, आणि आपल्याच रिजेक्टमधलं खरं किती नि फालतू किती निघालं ते फळ्यावर बघा, म्हणजे त्या दिवसाचं त्या दिवशी कळेल. किट परीक्षा सकाळी चहा पिऊन नाही, बूथमध्ये अर्धा तास होऊन गेल्यावर, आणि किटमध्ये खराब व्हायल शंभरात एक. प्रॉडक्शनचे साहेब हिशोब घेऊन आले, तासाचे इतके व्हायल कमी पडतील. बरोबर आहे, पडतील. मी म्हटलं, सध्या तेवढे आपण बघतोय असं आपण धरलेलं आहे, एवढंच. त्यावर ते हसले आणि लेखी द्या म्हणाले. चेंज कंट्रोलचा, म्हणजे बदलाच्या लेखी मंजुरीचा, नंबर पडला आहे, इम्पॅक्ट असेसमेंटच्या सह्या चालू आहेत, आणि किटमधला खराब माल कमी करायला क्यूएचाच विरोध आहे कारण मग परीक्षेला कितीतरी पट वेळ लागेल आणि काही जणी नापास होतील.